गिटार, लिनक्स आणि मिलिसेकंदांचा उशीर

लिनक्सवर इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करण्याची गेल्या पंचवीस वर्षांतली वाटचाल पाहिली, तर घोडं आवाजाच्या दर्जापाशी कधीच फारसं अडलं नव्हतं. ते अडलं होतं वेळेपाशी. २००० साली ऑडॅसिटी आलं आणि घरच्या संगणकावर आवाज नोंदवणं, कापणं, जोडणं सोपं झालं. पण गिटारवाला नुसता नोंदवत नाही, वाजवता वाजवता स्वतःला ऐकतही असतो. पिकअपमधून निघालेला संकेत साउंड कार्डात शिरतो, संगणकात त्यावर अ‍ॅम्पचा रंग चढतो आणि मगच तो हेडफोनमध्ये उतरतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले, तर १२८ नमुन्यांचा बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा तुकडा, भरायला सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात. येण्या-जाण्याचा सगळा वेळ मिळून दहाच्या आसपास राहिला, तर बहुतेकांच्या हाताला खटकत नाही. अ‍ॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहिलं तरी आवाज पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. तीस-चाळीसवर गेला की मात्र जाड तारेवरचा पाम म्यूट (तळहाताने दाबलेला सूर) तालाच्या मागे पडतो. बफर लहान करावा, तर तो दर वेळी वेळेत भरून मिळायला हवा. एकदा चुकला की ‘एक्सरन’: जमून आलेल्या टेकच्या मध्यावर ‘कट्ट’ असा आवाज, आणि टेक वाया.

बफर वेळेत भरण्याची ही हमी टप्प्याटप्प्याने आली. २००३च्या अखेरीस आलेल्या लिनक्सच्या २.६ कर्नलने, म्हणजे गाभ्याने, ‘अल्सा’ या ड्रायव्हर-संचाला ध्वनिव्यवस्थेचा पाया मानलं. पॉल डेव्हिस यांनी ‘आर्डर’ हे मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर लिहिता लिहिता ‘जॅक’ उभं केलं. वेगवेगळे प्रोग्राम एकाच ठोक्यावर चालवणं हे त्याचं काम. पण वेळ पाळण्याचं खरं काम कर्नलचं. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आदींचे, काम ठरल्या वेळेत होण्याची हमी देणारे रिअल-टाइम पॅच २००४पासून आकार घेत होते. ते पूर्णपणे मुख्य कर्नलमध्ये आले २०२४ साली, ६.१२ आवृत्तीत. वीस वर्षं! त्यामागे मुख्य रेटा होता तो कारखान्यांतली यंत्रं चालवणाऱ्यांचा. संगीतकारांच्या पदरात त्याचं फळ आपसूक पडलं. मधल्या काळातही ते झिरपत होतंच. २०११मध्ये इंटरप्ट स्वतंत्र थ्रेडवर चालवण्याची सोय साध्या कर्नलमध्ये आली आणि पुष्कळांची पॅच लावण्याची खटपट वाचली. तरी रिअल-टाइम परवानग्यांसाठी फाइली हाताने बदलणं, डेस्कटॉपचा रोजचा आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओला बाजूला सारून जॅकला कार्ड मोकळं करून देणं, हे चालूच होतं. २०२१मध्ये फेडोरा ३४ने विम टायमन्स यांचं, या दोघांचंही काम करणारं ‘पाइपवायर’ मूळ ध्वनिव्यवस्था म्हणून स्वीकारलं, तेव्हा ते भांडण मिटायला लागलं.

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, इंटरफेसवरच डायरेक्ट मॉनिटरिंग (संकेत संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये) असतं की! गायकाला ते पुरतं. इलेक्ट्रिक गिटारला नाही, कारण कोरडा संकेत म्हणजे तिचा आवाजच नव्हे. सूर किती वेळ टिकेल, तार किती जोराने छेडायची, हे अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शनवर ठरतं. ते कानावर पडलं नाही तर हात वेगळंच वाजवतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विंडोजवर १९९७पासून ‘एएसआयओ’ ही कमी उशिराची ड्रायव्हर-पद्धत आहे, मॅकवर कोअर ऑडिओ आहे, मग लिनक्सने मिळवलं काय? त्या दोन्हीकडे हे सुख आधी आलं, हे कबूलच करायला हवं. पण एएसआयओचा ड्रायव्हर बहुधा कंपनी देते, आणि तिने हात आखडता घेतला की चांगलं चालणारं यंत्र अडगळीत जातं. यूएसबी ऑडिओचं सर्वसाधारण प्रमाण पाळणारा इंटरफेस लिनक्समध्ये कर्नलच्याच ड्रायव्हरवर चालतो, आणि तो ड्रायव्हर एका कंपनीच्या मर्जीवर नाही. माझ्या लेखी हे मोल मोठं आहे.

अ‍ॅम्पच्या आवाजांची उणीव मात्र खरी होती. अनेक नामांकित व्यावसायिक प्लगइन आजही लिनक्ससाठी मिळत नाहीत. बराच काळ ‘गिटारिक्स’ या गिटारच्या आवाजाला रंग देणाऱ्या मुक्त प्रोग्रामवर भिस्त होती. मग स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांचं ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ आलं. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये ठरावीक संकेत सोडायचा, बाहेर पडलेला आवाज नोंदवायचा आणि त्या जोडीवर न्यूरल नेटवर्क शिकवायचं, अशी ही रीत. सगळं मुक्तस्रोत, त्यामुळे लिनक्सवरही तीच मॉडेल वाजतात. मात्र प्रत्येक बफरमागे प्रोसेसरला गणित बरंच करावं लागतं. जुन्या लॅपटॉपवर मोठं मॉडेल लावलं आणि बफर ६४वर आणला, की ‘कट्ट’ पुन्हा ऐकू येतो. मग हलकं मॉडेल घ्यायचं की बफर १२८वर न्यायचा, हे ज्याने त्याने आपल्या हाताला विचारून ठरवायचं.