अलार्मचं बटण शेवटचं कधी दाबलंत?

जालन्यात थंडी पडली की खेड्यापाड्यांत निखाऱ्यांची शेगडी खोलीत येते आणि शहरातल्या फ्लॅटमध्ये गॅस गिझर सुरू होतो. दारं-खिडक्या मात्र घट्ट लावलेल्या. जळणाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं; माणूस ‘पित्त झालं असेल’ म्हणत आडवा होतो आणि तिथेच घात होतो.

धुराचंही तसंच. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. धूर आधी दिसला तो ड्युटीवरच्या नर्सला. १० बाळं दगावली. तिथे निदान नर्स जागी होती; घरी तर सगळेच झोपलेले असतात.

‘आमच्याकडे गॅस डिटेक्टर आहे’ म्हणून निर्धास्त राहू नये. तो स्वयंपाकाच्या गॅससाठी असतो आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो जमिनीलगत बसवतात. धुराचा अलार्म छताला लागतो. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळाच; तो झोपायच्या खोलीजवळ हवा.

धुराच्या बऱ्याच अलार्ममध्ये प्रकाशाचा बारीक झोत असतो. धुराचे कण त्यात शिरले की प्रकाश विखुरतो आणि भोंगा वाजतो. उन्हाळ्यातली धूळ, कोळ्याचं जाळं, फोडणीचा धूर यांनीही तो वाजतो. मग कुणीतरी वैतागून सेल काढून ठेवतं, आणि खरी आग लागते तेव्हा यंत्र मुकं असतं. म्हणून अलार्म चुलीपासून दहा फूट तरी लांब ठेवावा, महिन्यातून एकदा व्हॅक्यूमने किंवा कोरड्या मऊ ब्रशने झाडावा. स्प्रे मारू नये. विजेवर चालणारा असेल तर आत सेलही हवा; लाइट काही विचारून जात नाही.

मिनिटाभराने एकेकदा ‘टिक’ वाजलं, तर बहुधा सेल संपत आलाय. सलग वाजला तर सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि ११२ला फोन करायचा.

अलार्मवरचं चाचणीचं बटण दाबल्यावर भोंगा वाजला म्हणजे सेन्सर शाबूत आहे असं नव्हे. मागची तारीख पाहा: धुराचा अलार्म दहा वर्षांनी बदलायचा, कार्बन मोनॉक्साइडचा बहुतेकदा त्याआधीच.

नवा सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहायची सवय घरोघरी आहेच. त्याच दिवशी बटणही दाबावं.