धूरही पेटतो!

आगीची वर्दी येते आणि घंटा घणघणवत बंब निघतो. त्यावरच्या माणसांच्या धाडसाचे आपल्याला कौतुक वाटते. पण नुसत्या धाडसाने भागत असते, तर नगरपालिकांच्या अग्निशमन दलांत फायरमनच्या जागेसाठी सहा महिन्यांचा पाठ्यक्रम कशाला मागितला असता? अधिकाऱ्यांसाठी तर नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते १९५६ मध्ये उत्तर प्रदेशातील रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले.

या प्रशिक्षणात काय शिकवतात? बघणाऱ्याला ती कवायतच वाटते. होज उलगडायचा, शिडी लावायची, दोराच्या गाठी मारायच्या, श्वसनयंत्र चढवून अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीत रांगायचे. पण यातल्या प्रत्येक हालचालीमागे विज्ञान आहे. ते समजून घेण्यासाठी आपण एक साधा प्रयोग करू.

वारा नसलेल्या खोलीत मेणबत्ती पेटवा. मिनिटभराने ती फुंकून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाईल. लगेच जळती काडी वातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर त्या धुरात धरा. ज्योत धुरातून खाली धावते आणि वात पुन्हा पेटते! (प्रयोग शिक्षकांनी स्वतःच करून दाखवावा.) हा धूर म्हणजे न जळलेल्या मेणाची वाफ आणि तिचे थिजलेले सूक्ष्म कण. थोडक्यात, तो इंधनच आहे.

आता मेणबत्तीच्या जागी गादी, कपाट, पडदे असलेली खोली डोळ्यांसमोर आणा. लाकूड आणि फोम तापले की त्यांतून ज्वलनशील वायू निघतात. ते छताखाली साठतात. हा थर सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापला, की त्याच्या प्रारणाने खालच्या वस्तूही तापून वायू सोडू लागतात आणि काही सेकंदांत सगळी खोली एकदम पेटते. याला फ्लॅशओव्हर म्हणतात.

खोली बंद असेल तर वेगळाच धोका असतो. आतला ऑक्सिजन कमी होतो आणि ज्वाळा मंदावतात. बाहेरून वाटते, आग विझत आली. पण तापलेले वायू आत तसेच असतात, त्यांना फक्त हवा हवी असते. अशा वेळी धूर बाहेर जावा म्हणून कोणी दार सताड उघडले, तर आत शिरलेल्या हवेबरोबर स्फोटासारखा भडका उडू शकतो. हा बॅकड्राफ्ट. म्हणून प्रशिक्षित फायरमन आधी दार किती तापले आहे ते पाहतो, पाण्याने भरलेला होज तयार ठेवतो, दाराच्या आडोशाला खाली बसतो आणि मगच दार किंचित उघडतो.

पाणी मारण्याचेही शास्त्र आहे. २० अंशांचे एक लिटर पाणी १०० अंशांपर्यंत तापताना सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता घेते, पण त्याची वाफ होताना आणखी सुमारे २२६० किलोज्यूल! म्हणजे वाफ न होता जमिनीवरून वाहून गेलेले पाणी फारसे उपयोगी पडलेलेच नसते. बारीक थेंबांचा एकूण पृष्ठभाग मोठा असल्याने त्यांची वाफ लवकर होते. मात्र एक लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते आणि बंद खोलीत तीच वाफ विझवणाऱ्याला भाजू शकते. पाणी कुठे, किती आणि किती वेळ मारायचे हे आम्ही कागदावर मांडून दाखवू शकतो. पण धुरात, काही क्षणांत ते ठरवायचे तर हाताला सवयच हवी. ती सवय प्रशिक्षण देते.

तरीही हे सामान्य ज्ञान पुरेसे नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकेही. दाबून बांधलेली गाठ आतल्या आत धुमसते, वरून ओतलेले पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही. शेकडो टन पाणी ओतूनही आगीचे मूळ हाती लागले नाही. चार वाजून गेल्यावर जहाजाचा स्फोट झाला, पाठोपाठ दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. धाडसात ते कुठेच कमी नव्हते. पण काय जळते आहे आणि त्याच्या शेजारी काय ठेवले आहे, यावर सारे अवलंबून असते.

विदर्भ-खानदेशातील जिनिंगच्या आवारात आजही कापूस रचलेला असतो. इचलकरंजी-मालेगावला सुताचे साठे असतात, पुण्याच्या जुन्या पेठांत लाकडी वाडे आहेत. आगीजवळ पहिला पोचतो तो गावचाच बंब, मोठ्या शहरातली मदत नंतर येते. म्हणून स्थानिक जवानांचे प्रशिक्षण प्रमाणपत्रापाशी संपता कामा नये. गावात कोणते गोदाम कशाचे, कोणत्या बोळात बंब शिरतो, पाणी कुठे मिळते, याची उजळणी वरचेवर व्हायला हवी.

१९४४ च्या त्या जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास गावच्या दलातील एखाद्या जवानाला शाळेत जरूर बोलवा. आदल्या दिवशी मुलांना मेणबत्तीचा प्रयोग दाखवून ठेवा. मग दार उघडताना तुम्ही आडोशाला का बसता, हे मुलेच त्यांना विचारतील.