पोलिसांनी काढलेली वंशावळ

दिल्लीतला कोपर्निकस मार्ग मंडी हाऊसच्या चौकातून निघतो आणि इंडिया गेटपाशी संपतो. रस्ता लहानसा, पण मराठी माणसाच्या ओळखीचा, कारण जुनं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. सदनातून निघून पायी जनपथावर गेलं की राष्ट्रीय अभिलेखागाराची इमारत लागते. तिथे ‘ठगी आणि डकैती’ नावाच्या एका संपूर्ण सरकारी खात्याची कागदपत्रं जपून ठेवलेली आहेत. १८३०च्या दशकात सुरू झालेलं हे खातं १९०४ साली बंद झालं. या खात्याच्या कामातली एक गोष्ट कळली तेव्हा मी थक्क झालो. हे खातं गुन्हेगारांच्या वंशावळी काढत असे.

वंशावळ म्हटलं की आपल्याला त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळ्या आठवतात, कोल्हापूर-सांगलीकडे बैलावर चोपड्या लादून दारी येणारा हेळवी आठवतो, नाहीतर वतनाच्या भांडणात दाखल केलेला एखादा जीर्ण कागद. कुणी पुण्यासाठी वंशावळ लिहिली, कुणी जमिनीसाठी. माणसं पकडण्यासाठी पिढ्यान् पिढ्यांचा वृक्ष मांडायचा, ही कल्पनाच निराळी होती.

ती कल्पना जबलपूरच्या विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याची. वाटसरूंशी गोड बोलून सोबत करायची, आडजागी गळा आवळायचा आणि प्रेत पुरून पुढे निघायचं, असा ठगांचा धंदा होता. मेलेला बोलत नाही, गावात कुणी तोंड उघडत नाही. मग पुरावा आणायचा कुठून? स्लीमनने माफीचे साक्षीदार तयार केले. त्यांतला सर्वांत गाजलेला फिरंगिया. प्रत्येकाला वेगळं बसवून विचारायचं: तुझा बाप कोण, चुलते किती, बहीण कुठल्या घरी दिली, मोहिमेत सोबत कोण होतं. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या बोलण्याशी ताडून पाहायचं. असं करत करत घराण्यांचे वृक्ष उभे राहिले. १८३६ साली कलकत्त्यात छापलेल्या त्याच्या ‘रामसीआना’ या पुस्तकात ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश आहे आणि हे वृक्षही आहेत. त्याच वर्षी आलेल्या तिसाव्या कायद्याने, माणूस कधीकाळी ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप आणि सक्तमजुरी देता येऊ लागली. अमुक दिवशी अमुक खून केला हे दाखवायची गरज उरली नाही. अशा कायद्याखाली वृक्षावरच्या एका नावाला केवढं वजन आलं असेल!

पण साक्षीदारांचं बोलणं लक्ष देऊन वाचलं की या वृक्षांत आतूनच भेगा दिसू लागतात. फिरंगियाचं नावच घ्या. शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याच्या फौजेने गाव जाळलं, त्या धांदलीत याचा जन्म झाला, म्हणून हे नाव, असं सांगितलं जाई. म्हणजे मराठी राजकारणाची झळ त्याच्या बारशापर्यंत पोचली होती. शिंद्यांच्या मुलखात अंमलदार ठगांच्या घरांवर कर बसवत, याच्याही नोंदी आहेत. राज्याला ही घरं ठाऊक होती आणि त्यांच्याकडून वसूलही येत होता.

सर्वांत मोठी भेग मात्र मुलांची आहे. मारलेल्या वाटसरूंची लहान मुलं ठग कधीकधी जिवंत ठेवत, घरी नेत, आपली म्हणून वाढवत. हे त्या साक्षीदारांनीच सांगितलं आहे. पुढे त्यांतलं एखादं मूल टोळीतही जाई. तुळजापूर आणि नळदुर्ग या भागात कारभार पाहिलेल्या मेडोज टेलरने १८३९ साली ठगाच्या कबुलीजबाबावर जी कादंबरी लिहिली, तिचा नायक असाच मारलेल्या आईबापांचा मुलगा आहे. म्हणजे ठगाच्या वंशावळीतला एखादा पोरगा खरं तर बळी गेलेल्यांचा वारस. रक्ताने गुन्हा उतरतो असं मानणाऱ्याने या मुलाला कोणत्या फांदीवर बसवायचं? ठगांची पिढीजात घराणी हे चित्र कितपत खरं, याबद्दल आजचे इतिहासकारही जपून बोलतात. टोळीत दुष्काळाने आणि बेकारीने आलेली माणसं होती, शेतकरी होते, नोकरी गेलेले शिपाई होते.

तरी रक्ताची कल्पना टिकली आणि पुढे कायदा झाली. १८७१च्या सत्ताविसाव्या कायद्याने सबंध जमातीच ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करता येऊ लागल्या. सुताराचा पोर जसा सुतार, तसा चोराचा चोर, असा युक्तिवाद त्या वेळी झाला. आधी उत्तरेपुरता असलेला हा कायदा १९११ साली देशभर लागू करता येईल असा झाला आणि मुंबई इलाख्यात सेटलमेंट उभ्या राहिल्या. सोलापूरची त्यांतली मोठी. भोवती काटेरी तार, ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जायचं तर पास. माणसं गिरण्यांमध्ये कामाला जात आणि हजेरीला परत येत. सहा ते अठरा वयाची मुलं आईबापांपासून वेगळी ठेवण्याची तरतूद कायद्यातच होती. कैकाडी, भामटा, पारधी, कंजारभाट, छप्परबंद अशा कितीतरी जमातींच्या घरी जन्मलेल्या बाळाचं नाव आधी पोलिसांच्या वहीत जायचं.

आता समुद्रापलीकडे पाहू. आपला पणजोबा न्यू यॉर्कच्या माफियात होता का, हे शोधणारी इटालियन-अमेरिकन नातवंडं पुष्कळ आहेत. ती एलिस बेटावर उतरलेल्या जहाजांच्या प्रवासी-याद्या चाळतात, सिसिलीतल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहतात, १९६६च्या माहितीच्या कायद्याखाली एफबीआयकडे फाइल मागतात. तिथेही एक फिरंगिया झाला. जोसेफ व्हलाची नावाचा गुंड १९६३ साली सिनेटच्या समितीपुढे बोलला आणि न्यू यॉर्कच्या पाच ‘फॅमिलीं’चे तक्ते सगळ्या देशाने पाहिले. मोठ्या कागदांवर नावं आणि चेहरे, वरपासून खालपर्यंत रांगा. जबलपूरनंतर सव्वाशे वर्षांनी तीच युक्ती! फरक एवढाच की तिथल्या ‘फॅमिली’ म्हणजे टोळ्या. माणूस त्यात जन्मत नसे, शपथ घेऊन शिरत असे.

आणि एक तारीख मला सोडवत नाही. राष्ट्रीय अभिलेखागार ज्या कचेरीतून वाढलं, ती इम्पीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट कलकत्त्यात ११ मार्च १८९१ रोजी सुरू झाली. तीन दिवसांनी, १४ मार्चला, न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना ठार केलं. पोलीसप्रमुखाच्या खुनाच्या खटल्यात ज्युरीने आदल्याच दिवशी काहींना निर्दोष सोडलं होतं. जमावाला तो निकाल मान्य नव्हता. ते इटालियन होते, एवढं त्याला पुरलं. एकाच आठवड्यात इथे कागद जपण्याची सोय झाली आणि तिथे कागदावरचा निकाल पायदळी गेला. दोन घटनांचा संबंध काही नाही, पण शेजारी ठेवल्या की अंगावर काटा येतो.

माफियाच्या नातवाला पणजोबाने काय केलं ते शोधायचं असतं. सेटलमेंटमधल्या आजोबाच्या नातवाला कागद मिळतो तोच मुळी ‘गुन्हेगार’ म्हणणारा, आणि त्या म्हाताऱ्याने कधी काही केलं होतं की नाही, हा शोध तिथून पुढे सुरू होतो. नोंद सांगते ती जन्माची. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ वाचलेल्यांना हे घर आतून ठाऊक आहे. त्या आत्मकथनाला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. अकादमीचं रवींद्र भवन मंडी हाऊसच्याच चौकात आहे. पोलिसांच्या वहीत ज्यांची नुसती नावं असत, त्यांतल्या एका घराचं संपूर्ण जगणं त्या घरातल्याच माणसाने लिहिलं, आणि त्याचा मान या चौकातून झाला. अभिलेखागारातल्या कागदांइतकाच तोही मला अस्सल दस्तऐवज वाटतो.

गुन्हेगार जमातींचा तो कायदा मुंबई प्रांतात १९४९ साली आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. सराईत गुन्हेगारांचे कायदे मात्र मागे राहिले. ते रद्द करावेत अशी शिफारस राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० साली केली. या आयोगाची कचेरी काही वर्षं याच कोपर्निकस मार्गावरच्या फरीदकोट हाऊसमध्ये होती, जिथे आता हरित न्यायाधिकरण बसतं.

एखाद्या घराला आज आपला माग काढायचा असेल तर सुरुवात दिल्लीत करू नये. आधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसावं. मग शाळेचा दाखला, मग तहसिलातला गाव नमुना चौदा, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. मग मुंबईचं पुराभिलेखागार, आणि त्यानंतर जनपथ. विमुक्त जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ आधीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो. ज्या घराला सातबारा कधी नव्हताच, त्याच्यासाठी हजेरीची जुनी नोंद हाच कधीकधी हाती लागणारा पुरावा. तारेआड ठेवण्यासाठी लिहिलेली ओळ नातीच्या फीमाफीच्या अर्जाला उपयोगी पडू शकते. हे मी पुन्हा पुन्हा मनात घोळवतो.

सोलापुरात आजही ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ नावाची वस्ती आहे. तार गेली तरी नाव राहिलं. तिथली मुलं परीक्षेच्या अर्जावर आपला पत्ता म्हणून तेच लिहितात.