पावडर जर्मन, पाणी नगरचं!

नगरमध्ये रूम करून राहताय? मग रविवारचं धुणं तुमच्याच गळ्यात! दुकानात 'हेन्को'चं पाकीट पाहिलंच असेल. हे नाव मूळचं जर्मनीतल्या हेन्केल कंपनीचं. ही कंपनी १८७६ मध्ये सुरू झाली. १९०७ मध्ये तिने 'पर्सिल' पावडर आणली आणि २०१५ मध्ये हेच नाव अमेरिकेत वॉलमार्टच्या दुकानांत पोहोचवलं. भारतात मात्र २०११ मध्ये हेन्केल इंडिया मुंबईच्या ज्योती लॅबोरेटरीजने घेतली. हो, तीच 'उजाला'वाली ज्योती!

परदेशी पावडर आपल्याकडे टिकवणं सोपं नाही. एक तर १९६९ पासून 'निरमा'ने स्वस्त पावडरची सवय लावलेली. त्यात बोअरचं जड पाणी. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाला फेस येत नाही, कपडे कडक होतात. पावडरमध्ये हे क्षार आवरणारे घटक असतात, म्हणून ती साबणापेक्षा बरी.

मग महाग पाकिटात जास्तीचं काय? बहुतेकदा एन्झाइम. दूध, वरण, घाम यांचे डाग ते फोडतात; पण त्यांना वेळ लागतो. पावडर टाकून लगेच ब्रश मारलात, तर वरचे पैसे पाण्यात! उकळतं पाणी ओतलंत, तरी एन्झाइम निकामी. हळदीचा डाग मात्र साबण लागला की लाल होतो. त्याला ऊनच हवं.

या रविवारी एक शर्ट अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, दुसरा लगेच धुवा. फरक दिसला तरच महाग पाकीट घ्या.