गाणे वाचले, आयुष्याला कात्री

गाणे तीन-साडेतीन मिनिटांत आटोपले पाहिजे, तरच ते नभोवाणीवर वाजेल, असा विलायतेतल्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा एके काळी ठाम हिशेब असे. 'क्वीन' या चौघांच्या रॉक वाद्यवृंदाने १९७५ साली आपल्या नव्या संग्रहातली पहिली तबकडी म्हणून 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुढे केली, तेव्हा कंपनीची मंडळी घड्याळाकडेच पाहू लागली. गाणे पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे! त्याला ध्रुवपद नाही. आरंभी पियानोवरचे संथ गायन, मध्येच युरोपी संगीतिकेचा थाट, मग गिटारचा दणदणाट आणि शेवटी पुन्हा शांतता. संगीतिकेच्या भागात भला मोठा गायकवृंद गातो आहे असे वाटते. पण गाणारे तिघेच! फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी आपलेच आवाज एकावर एक इतक्या वेळा चढवले की ध्वनिफीत झिजून पारदर्शक होऊ लागली. एवढे कष्ट घेतल्यावर 'जरा कापा' म्हणणाऱ्याचे कोण ऐकणार? चौघांनी साफ नकार दिला.

लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट नावाचा एक खट्याळ निवेदक होता. त्याने शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत हे गाणे चौदा वेळा लावले, असे सांगतात. पुढे दूरचित्रवाणीसाठी चार तासांत एक छोटी चित्रफीत उरकली आणि गाणे इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. अमेरिकेत मात्र त्याची धाव नवव्या क्रमांकापर्यंतच गेली.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी एड्सने वारला. वय अवघे पंचेचाळीस. तबकडी पुन्हा निघाली, पुन्हा पहिली आली. आणि लगेच १९९२ मध्ये, वाचकहो, अमेरिकेत या गाण्याला नवा जन्म मिळाला तो एका टवाळ विनोदी चित्रपटामुळे! 'वेन्स वर्ल्ड'मध्ये मोटारीत दाटीवाटीने बसलेले मित्र हे गाणे लावतात, संगीतिकेचे सूर गंभीर चेहऱ्याने आळवतात आणि गिटार सुरू होताच माना झटकू लागतात. चित्रपट काढणाऱ्यांना दुसरेच गाणे हवे होते. नट माइक मायर्स याच गाण्यासाठी अडून बसला. अमेरिकेत ते आता दुसऱ्या क्रमांकावर चढले. थट्टेने गाण्याचे काही बिघडले नाही; मला तर वाटते, त्यातली मूळची मिस्किली लोकांना तेव्हाच उमगली.

२०१८ साली गाण्याच्याच नावाचा चरित्रपट आला. असल्या गाण्यावर मोटारीत कोण माना हलवणार, असे म्हणणारा कंपनीचा हट्टी अधिकारी त्यात माइक मायर्सनेच रंगवला आहे. हा अधिकारी काल्पनिक. गंमत मात्र फक्कड.

पण या चित्रपटाने माझी थोडी निराशाही केली. मर्क्युरी म्हणजे झांजिबारला जन्मलेला फरोख बुलसारा हा पारशी मुलगा. आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो पियानो वाजवी, 'हेक्टिक्स' नावाच्या मुलांच्या वाद्यवृंदात रमे. ती शाळा पडद्यावर दिसतच नाही. याहून मोठी कात्री पुढे आहे. १३ जुलै १९८५ च्या वेम्बली येथील 'लाइव्ह एड' कार्यक्रमापूर्वीच तो साथीदारांना आपला आजार सांगतो, असे चित्रपट दाखवतो. त्याचा सहचर जिम हटन याने लिहिल्याप्रमाणे निदान झाले ते १९८७ मध्ये. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी यावे म्हणून एका माणसाच्या मरणाची चाहूल दोन वर्षे अलीकडे ओढावी, हे मला रुचले नाही.

त्या दिवसाचे खरे चित्रण उपलब्ध आहे. ते पाहावे. त्यात मृत्यूची छाया कुठे दिसत नाही. ऐन भरात असलेला गवई दिसतो. वाट्याला वीसेक मिनिटेच आलेली. तो पियानोपाशी बसतो, याच गाण्याने आरंभ करतो, आणि संगीतिका सुरू होण्याआधीच ते सोडून देऊन खुशाल दुसऱ्या गाण्याकडे वळतो.