मांडवीच्या मुखाशी ऋतू बदलतात तेव्हा

पावसाळ्यात पणजीजवळ मांडवीचं पाणी मातकट होतं आणि बघणाऱ्याला वाटतं, या गाळात काय जगणार? सर्वांत घट्ट रुतलेला गैरसमज हाच. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. तो डोंगर-शेतं धुऊन नायट्रेट आणि सिलिकेट खाडीत आणतो. काचेसारखं सिलिकाचं कवच घडवणाऱ्या डायटम या सूक्ष्म वनस्पतींना नेमकं तेच हवं असतं. अडचण असते ती उजेडाची, कारण गाळ सूर्यप्रकाश अडवतो. पावसानं चार दिवस उघडीप दिली, गाळ बसला, की डायटम झपाट्यानं वाढतात. त्यात स्केलेटोनेमा पुढे असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या नळकांड्यासारख्या पेशी बारीक काड्यांनी जोडलेल्या, माळेसारख्या दिसतात. पाणी निमखारं झालं तरी तो तगतो.

म्हणजे वनस्पतिप्लवक, पाण्यात तरंगणाऱ्या या सूक्ष्म वनस्पतींचं जग, बारमाही एकसारखं नसतं. खरीप जाऊन रब्बी यावी तशी इथली वस्ती पालटते. पाऊस सरला की भरतीबरोबर खारेपणा आत सरकतो आणि मे महिन्यात मुखाजवळचं पाणी जवळपास समुद्राइतकं खारं होतं.

फेब्रुवारी ते मे या काळात किनाऱ्यालगतच्या समुद्रावर तपकिरी पट्टे दिसले, की कुणी तेल म्हणतं, कुणी सांडपाणी. अनेकदा तो ट्रायकोडेस्मियम हा सूक्ष्म जीव असतो: तंतूंच्या जुड्या, नुसत्या डोळ्यांना लाकडाच्या भुशासारख्या दिसणाऱ्या. पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन वायूपासून तो स्वतःचं खत करतो, म्हणून पोषकद्रव्यं आटलेल्या पाण्यातही वाढतो.

रात्री लाटा निळ्या चमकल्या, की ‘विषारी रसायन’ अशी आवई उठते. ती चमक बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जिवाची. पाणी घुसळलं की तो उजळतो. नॉक्टिल्युका वनस्पती नाही, तो डायटम खातो; पण अरबी समुद्रातल्या हिरव्या नॉक्टिल्युकाच्या पेशीत हिरवी सूक्ष्म शैवालं राहतात आणि प्रकाशसंश्लेषणातून त्यालाही अन्न पुरवतात.

मात्र ‘निसर्गाचंच आहे, म्हणजे निर्धोक’ असं मानणंही चूक. सांडपाण्यातली पोषकद्रव्यं प्लवकांच्या अशा बहराला बळ देऊ शकतात. दाट बहर मरून कुजला की पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात. काही जातींचं विष शिंपल्यांत साठतं, आणि ते शिजवूनही जात नाही. तेव्हा नुसत्या रंगावरून निवाडा करू नका, पण पाणी रंगलेलं असताना मेलेले मासे दिसले तर तिथल्या तिसऱ्या-कालवं खाऊ नका आणि मत्स्यव्यवसाय खात्याला लगेच कळवा.