लहान रुळांवरील मालगाडी

आगगाडीचें खेळणें कोणास आवडत नाहीं? परंतु किल्ली दिली, गाडी वर्तुळांत दहा वेळां फिरली, कीं अकराव्या फेरीस पाहणाराचें चित्त दुसरीकडे वळतें. त्याचें कारण उघड आहे. त्या गाडीस कोठेंहि जावयाचें नसतें, आणि तिच्यांत कोणाचाहि माल नसतो. या दोन उणिवा भरून काढिल्या म्हणजे खेळण्याचें रूप पालटतें, व मुलाच्या हातीं एक शिस्तीचें काम येतें. तें काम कसें चालतें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

लहान रुळांचा हा छंद आपल्या प्रांतास अपरिचित नाहीं. पुण्यास कोथरूड येथें श्री. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदांतून उभें राहिलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. सिग्नल व दिव्यांसह तेथें चालणाऱ्या गाड्या पाहून मोठीं माणसेंहि हरखून जातात. अशा प्रतिकृतींचें जगांतील एक अतिशय प्रचलित प्रमाण एकास ८७ असें आहे. म्हणजे खरी वस्तु ८७ मीटर लांब असेल, तर प्रतिकृति एक मीटर. हें गणित प्रथम नीट समजून घ्यावें. कोळशाच्या ५८ वाघिणींची गाडी सुमारें ६५० मीटर भरते. ८७ नें भागिलें तरी ती साडेसात मीटर होते व टेबलावर मावत नाहीं. म्हणून शहाणा चालक दहाबारा वाघिणींवर समाधान मानतो. वेगाचेंहि तसेंच. ताशीं ४० किलोमीटर वेगाची गाडी लहान रुळांवर सेकंदास केवळ १३ सेंटिमीटर सरकली पाहिजे. याहून फार धांवली, तर मालगाडीचा उंदीर झालाच म्हणून समजावें.

आतां मार्ग निवडावा. आपल्या संगमनेरास अद्याप लोहमार्ग नाहीं. पुणें-नाशिक मार्गाची चर्चा मात्र पुष्कळ वर्षें कानीं येत आहे. आपल्या जिल्ह्यांतून जाणारा मार्ग म्हणजे दौंड-मनमाड. तो १८७८ सालीं सुरू झाला व दीर्घकाळ एकेरीच होता. त्यावरील कोपरगांव, पुणतांबा व राहुरी हीं तीन स्टेशनें टेबलावर मांडावीं. एका टोकास मनमाड व दुसऱ्या टोकास दौंड कल्पावें. मग साखर बाहेर जाते आणि खत व सिमेंट आंत येतें, असा आपल्या परिचयाचा व्यापार डोळ्यांपुढें उभा राहतो. हल्लीं बहुतेक मालगाड्या आरंभापासून शेवटपर्यंत एकाच मालाच्या असतात. पूर्वीं एकाच गाडींत नाना व्यापाऱ्यांच्या वाघिणी असत, व वाटेंत कांहीं सोडाव्या, कांहीं जोडाव्या लागत. टेबलावर ही जुनीच रीत बरी, कारण तींत डोक्यास काम आहे.

कोणती वाघीण कोठें जावयाची, हें मुलाच्या लहरीवर सोडल्यास पुन्हा खेळणेंच झालें. अमेरिकेंत डग स्मिथ यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेली कार्डांची युक्ति येथें उपयोगी पडते. प्रत्येक वाघिणीचें एक कार्ड करावें, त्यावर तिचा नंबर व प्रकार लिहावा, आणि खालीं एक खिसा ठेवावा. खिशांत एक चिठ्ठी घालावी. चिठ्ठीच्या दोन्ही बाजूंस, वरच्या व खालच्या टोकांस मिळून, चार मुक्काम लिहितां येतात. पहिला: रिकामी वाघीण कोपरगांवीं, साखर भरण्यास. दुसरा: भरलेली वाघीण मनमाडास. तिसरा: खत घेऊन राहुरीस. चवथा: रिकामी दौंडास. एक मुक्काम गांठला कीं पुढल्या खेळापूर्वीं चिठ्ठी फिरवावी. वीस वाघिणींच्या वीस चिठ्ठ्या झाल्या म्हणजे रोज निराळीच गाडी बनते.

वाघीण सोडणें वाटतें तितकें सोपें नाहीं. समजा, इंजिन पुढें व वाघीण मागें आहे. सायडिंग मागल्या दिशेस फुटत असेल, तर सांधा ओलांडून पुढें जावें व वाघीण मागें ढकलून आंत घालावी. पण सायडिंग पुढल्या दिशेस फुटत असेल, तर प्रथम इंजिनच आंत शिरतें व वाघिणीपलीकडे कोंडून पडतें. अशा वेळीं वाघीण मुख्य रुळावर ठेवून, इंजिन सोडवून, लूपवरून वळसा घालून तिच्या पाठीशीं आणावें आणि मग तिला पुढें ढकलावें. हा वळसा जो मुलगा आधीं मनांत घालतो, त्याचें काम थोडक्या हालचालींत उरकतें.

वेळापत्रकासहि एक अडचण आहे. दहा किलोमीटरचें अंतर ८७ नें भागिलें तरी ११५ मीटर होतें. वर्गांत तेवढी जागा कोठली? म्हणून स्टेशनें जवळ मांडतात व घड्याळ चौपट जलद धरतात. खऱ्या पंधरा मिनिटांस टेबलावरील एक तास.

सर्वांत मोलाचा नियम मात्र एकेरी मार्गाचा आहे. दोन स्टेशनांच्या मधल्या भागांत एका वेळीं एकच गाडी असली पाहिजे. त्याकरितां चालकास धातूचा गोळा देण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणीं रूढ होती. दोन्ही स्टेशनांतील यंत्रें विजेनें अशीं जोडलेलीं असत, कीं एक गोळा बाहेर असतां दुसरा निघत नसे. हातीं गोळा नाहीं, तर पुढें जाण्याचा अधिकार नाहीं. टेबलावर प्रत्येक भागास एक गोटी नेमावी. गोटी पलीकडल्या स्टेशनमास्तरापाशीं असेल, तर मालगाडीनें लूपवर उभें राहावें, मेलगाडीस वाट द्यावी, व ती गोटी घेऊन येईपर्यंत थांबावें. थांबणें हाहि कामाचाच भाग आहे.

येथें कोणी म्हणेल, इतकें महाग साहित्य आमच्या शाळेस कोठून मिळणार? परंतु इंजिन हा यांतील सर्वांत खर्चाचा, पण सर्वांत कमी आवश्यक भाग होय. वर्गाच्या फरशीवर खडूनें रूळ आंखावे, आगपेट्यांच्या वाघिणी कराव्या, जुन्या पुठ्ठ्यांचीं कार्डें कापावीं, तिघांस स्टेशनमास्तर व दोघांस गार्ड नेमावें. गोटी न घेतां आगपेटी पुढें सरकली, तर फरशीवर कोणी मरत नाहीं, हें खरें; कदाचित् कोणी पाहतहि नसेल. पण ज्या हातास तेथें घाईची संवय लागते, तोच हात उद्यां खऱ्या सांध्यावर, औषधाच्या बाटलीवर किंवा पतपेढीच्या वहीवर असतो. थोडक्यांत विश्वासू राहण्याची जी शिकवण आपण उपासनेंत ऐकतों, ती आचरून पाहण्यास एक आगपेटी व एक गोटी पुरे आहे. येत्या सुटींत करून पाहा. मात्र प्रथम गोटी, मग गाडी.